स्किन आणि केसांचं सायन्स कोर्समधून काढू नका: मेकअप अकॅडमींना खुलं पत्र

नमस्कार,

मेकअप आणि हेअरस्टायलिंगचे सर्टिफिकेट कोर्स चालवणाऱ्या अकॅडमींचे संचालक, अभ्यासक्रम ठरवणारे आणि परीक्षा घेणारे, हे पत्र तुम्हाला सगळ्यांना आहे. कुठल्या एका अकॅडमीचं नाव घेत नाही कारण आता हा प्रश्न एकीचा राहिलेला नाही. स्किन आणि हेअर सायन्सचा भाग तुमच्या कोर्समधून हळूहळू कमी होत गेला, आधी तास कमी झाले, मग लेखी परीक्षा गेली, आणि आता बऱ्याच ठिकाणी तो "ऑप्शनल व्हिडिओ" झालाय, बघितला तर बघितला. त्याच्या जागी ट्रेंडिंग लुक, कंटेंट शूट, रिंग लाइट कसा लावायचा हे आलंय. तेही शिकवा, मला त्याचं वावडं नाही. पण एक काढून दुसरं बसवलंत ते मला मान्य नाही, आणि हे मी बंद दाराआड न बोलता सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमची फी भरायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनी आणि उद्या त्यांच्यासमोर खुर्चीत बसणाऱ्या क्लायंटनीही हे वाचायला हवं.

मी स्वतः मेकअप आर्टिस्ट आहे, कित्येक वर्षं हेच करतेय, ब्रायडल, स्टेज, शूट सगळं. नवीन मुलं असिस्टंट म्हणून माझ्याकडे येतात आणि कामावर घ्यायच्या आधी मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारते, की क्लायंट समोर बसलीय, सगळं किट मांडून झालंय, तर काय दिसलं की तू ब्रश खाली ठेवशील आणि आज मेकअप नाही करणार म्हणशील? पूर्वी उत्तरं यायची, ओठावर हर्पिसचे फोड असतील तर, डोळे आलेले असतील तर, चेहऱ्यावर ओला चट्टा असेल तर. हल्ली समोरून येतं, "नाही कशाला म्हणायचं मॅम, कन्सीलरने कव्हर होतं ना सगळं." ही मुलं काही कमी हुशार नाहीत, हात छान आहे त्यांचा, काहींचं ब्लेंडिंग तर बघत राहावं असं असतं. फक्त नाही कधी म्हणायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नाही, आणि ते जिथे शिकायला मिळायचं तोच भाग तुम्ही काढून टाकलात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

सगळ्यात आधी पॅच टेस्ट, म्हणजे प्रॉडक्ट आधी स्किनवर थोडंसं लावून रिअ‍ॅक्शन येते का बघणं. अशाच एका कोर्समधून नुकतंच सर्टिफिकेट घेतलेल्या मुलीचा मला फोन आला, रडत होती. तिच्या क्लायंटने फोटो पाठवला होता, वरच्या दोन्ही पापण्या सुजून टम्म, स्किन ताणून चकचकीत झालेली, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी पाणी सुटून पिवळट खपली धरलेली, आणि एक डोळा जेमतेम उघडत होता. आर्टिफिशियल लॅशेसचा ग्लू. मुलगी पुन्हा पुन्हा एकच सांगत होती की मी पॅच टेस्ट केली होती हो, हातावर थेंब लावला, दहा मिनिटं थांबले, काही झालं नाही म्हणून पुढे गेले. कार्यक्रमाच्या दिवशी खरंच काही झालं नव्हतं. सूज आली दोन दिवसांनी. मी तिला सांगितलं की त्या क्लायंटला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायला सांग आणि कुठला ग्लू वापरला ते पाकिटासकट तिच्याकडे दे, आणि फोन ठेवल्यावर मला त्या मुलीचा नाही, तुमचा राग आला.

कारण दहा मिनिटांची पॅच टेस्ट ही पॅच टेस्टच नाही. अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस उशिराने येणारी रिअ‍ॅक्शन आहे, आपल्या इम्यून सिस्टीममधल्या टी सेल्स त्या पदार्थाला ओळखतात, जमा होतात, मग सूज आणि खाज सुरू होते, आणि याला साधारण २४ ते ७२ तास लागतात. स्किनचे डॉक्टर पाठीवर पॅच लावतात तेव्हा ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी परत बघतात, ते उगाच नाही. आता याच्या उलट, लावल्या लावल्या आग होणं, चुरचुरणं ही बऱ्याचदा अ‍ॅलर्जी नसतेच, ती इरिटेशन असते, म्हणजे पदार्थ कडक आहे किंवा स्किनचा वरचा थर आधीच फाटलाय. आणि लॅटेक्सची अ‍ॅलर्जी, काही लॅश ग्लूमध्ये लॅटेक्स असतं, ती काही मिनिटांत गांधी उठवून श्वासापर्यंत जाऊ शकते. तीन वेगळ्या गोष्टी, तिन्हीत आर्टिस्टने करायचं कामही वेगळं, आणि तुमचे विद्यार्थी तिन्हींना "सूट नाही झालं" म्हणतात. आणखी एक, पहिल्यांदाच वापरताय आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे कायमचं सुटलो असंही नसतं, शरीर एखाद्या पदार्थाला वर्षानुवर्षं वापरल्यावरसुद्धा अ‍ॅलर्जिक होऊ शकतं. "मी हे नेहमीच वापरते" असं क्लायंट म्हणाली की आर्टिस्ट निर्धास्त होते, तिथेच फसते.

यात नवीन काहीच नाही. १९३३ साली अमेरिकेत लॅश ल्युअर नावाचा पापण्या आणि भुवया रंगवायचा डाय विकला जायचा, त्यात पीपीडीच्या (पॅराफेनिलिनडायअमीन) जातीतला रंग होता, ज्याचे भाऊबंद आजही केसांच्या परमनंट डायमध्ये असतात. बायकांच्या डोळ्यांना जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एक बाई दगावली. १९३८ मध्ये तिकडे औषधं आणि कॉस्मेटिक्सचा जो कायदा आला त्यामागे जी प्रकरणं होती त्यात हे एक होतं. केसांच्या डायच्या बॉक्सवर आधी टेस्ट करा आणि पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, अशी जी सूचना असते ना, तिचं मूळ त्याच कायद्यात आहे. एवढं नुकसान होऊन मिळालेलं ज्ञान आहे हे, आणि तुम्ही म्हणता विद्यार्थ्यांना बोअर होतं.

दुसरी गोष्ट स्किनची. तुमच्या मुलांना ऑयली, ड्राय, कॉम्बिनेशन, नॉर्मल हे चार शब्द पाठ असतात, तेवढ्यावर ती प्रायमर निवडतात. ड्राय आणि डिहायड्रेटेड यातला फरक विचारला की गप्प. ड्राय म्हणजे तेल कमी, डिहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी, आणि ऑयली स्किनही डिहायड्रेटेड असू शकते, किंबहुना सतत फेसवॉश आणि अल्कोहोलचे टोनर वापरणाऱ्यांची तशीच असते. अशा चेहऱ्यावर मुलगी मॅट प्रायमर, मॅट बेस, वर पावडरवर पावडर थापते, दोन तासांनी नाकाच्या बाजूला तेल आणि गालावर साल असं दोन्ही एकदम दिसायला लागतं, मग दोष फाउंडेशनला. मग अजून महाग फाउंडेशन घेतलं जातं. फाउंडेशनचा काही दोष नसतो, खाली काय आहे ते कोणी वाचलेलंच नसतं.

वाचायचं म्हणजे काय तर स्किनचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रेटम कॉर्नियम, आपण मेकअप ज्याच्यावर करतो तो. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधे सिमेंटसारखे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. हे सिमेंट शाबूत असेल तर आतलं पाणी उडून जात नाही आणि बाहेरचं आत घुसत नाही. ते गेलं की रोजचं मॉइश्चरायझरही चुरचुरायला लागतं. तरुण वयात खालची पेशी वर येऊन झडायला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढतं तसं जास्तच. आता एवढं ज्याला समजलं तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कडक स्क्रब किंवा पील करायला सांगेल का? कधीच नाही. मोडलेला थर एका रात्रीत भरून येत नाही. स्किनच्या पृष्ठभागाचा पीएच ५ च्या आसपास असतो आणि साबणाचा ९ ते १०, हे कळलेला आर्टिस्ट मेकअपच्या आधी साबणाने चेहरा खसाखसा धुऊन यायला सांगेल का? मी रोज अशा क्लायंट बघते ज्यांना त्यांच्या आर्टिस्टने हेच सांगितलेलं असतं.

आणि औषधांबद्दल विचारायला शिकवलंय का तुम्ही कोणाला? रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावणाऱ्या माणसाचा वरचा थर आधीच नाजूक असतो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर साधारण सहा महिने वॅक्सिंग करू नका असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, कारण स्ट्रिपसोबत केसच नाही, स्किनही निघून येते आणि खाली ओला लाल चट्टा राहतो, तो पुढे डाग होऊन बसतो. "अपर लिप करून टाकते पटकन" म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारायचा आहे फक्त, कुठल्या गोळ्या, कुठलं क्रीम चालू आहे? पण विचारायचं का हेच माहीत नसेल तर विचारणार कोण?

सावळ्या आणि काळ्या स्किनबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. तुमच्या नोट्समध्ये फिट्झपॅट्रिक स्केल असतं, सहा टाइप, आणि ते शेड निवडायला वापरायला सांगतात. थॉमस फिट्झपॅट्रिक स्किनचे डॉक्टर होते, १९७५ मध्ये त्यांनी हे वर्गीकरण केलं ते उन्हात स्किन भाजते की टॅन होते यावरून, लाइट ट्रीटमेंटचा डोस ठरवायला. फाउंडेशनच्या शेडशी त्याचा संबंध नाही, अंडरटोनशी तर अजिबात नाही. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-काळ्या सगळ्यांमध्ये जवळपास सारखी असते, फरक पडतो तो बनलेल्या मेलॅनिनच्या कणांच्या आकारात, प्रकारात आणि ते पेशींमध्ये कसे पसरलेत त्यात. आणि प्रत्यक्ष कामात महत्त्वाचं हे की गडद स्किनवर सूज बऱ्याचदा लाल दिसतच नाही, ती जांभळट, राखाडी किंवा नुसती आणखी गडद दिसते. ज्या मुलीने सगळे फोटो गोऱ्या चेहऱ्यांचे बघितले तिला ती सूज कळणार नाही, ती त्याला "पिगमेंटेशन" समजून ऑरेंज करेक्टर लावेल आणि घासून ब्लेंड करेल. त्यात गडद स्किनला प्रत्येक दुखापतीचा डाग राहायची शक्यता जास्त, पोस्ट इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन, आठ-आठ महिने जात नाही. म्हणजे ज्यांना जास्त काळजीने हाताळायला हवं त्यांच्याबद्दलच सगळ्यात कमी शिकवलं जातंय. मला हे खूप लागतं.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला माहितीय सगळं. मस्कराची कांडी एका डोळ्यातून दुसऱ्या क्लायंटच्या डोळ्यात, लिपस्टिक थेट ओठांवर, क्रीम पॅलेटमध्ये वापरलेला ब्रश परत. हर्पिसचा व्हायरस असाच फिरतो. मस्करा उघडल्यावर साधारण तीन महिन्यांनी टाकायचा असतो कारण ओल्या अंधाऱ्या नळीत बॅक्टेरिया वाढतात, त्यातला स्युडोमोनास बुबुळाला जखम करून नजर घालवू शकतो. अल्कोहोलबद्दल मात्र एक सांगतेच, माझ्याकडच्या एका मुलाने अभिमानाने ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणलं होतं, जास्त स्ट्राँग म्हणून. जंतू मारायला ७० टक्क्यांचंच चांगलं, कारण त्यातल्या पाण्यामुळे जंतूंचं प्रोटीन नीट मोडतं आणि अल्कोहोल पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतं, ९९ वालं भुर्रकन उडून जातं. तेही आधी ब्रशवरचं प्रॉडक्ट धुऊन काढल्यावर, तेलकट ब्रशवर फवारून काही होत नाही. किती साधी गोष्ट आहे! पण कारण माहीत नसेल तर माणूस जास्त आकडा बघूनच घेणार ना.

आता केस. केसांचं सायन्स तर तुम्ही स्किनच्याही आधी सोडलंत, कारण बहुतेक कोर्समध्ये हेअर म्हणजे दहा हेअरस्टाइल आणि संपलं. टाळूच्या वर आलेला केस जिवंत नसतो, तो स्वतः भरून निघत नाही, एकदा मोडलेला क्युटिकल, म्हणजे केसाचा बाहेरचा थर, मोडलेलाच, वरून सिलिकॉन लावून गुळगुळीत वाटतो एवढंच. हे एक वाक्य जरी विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसलं तरी तो आयर्न हातात घेताना दोनदा विचार करेल. केसात केराटिन नावाचं प्रोटीन असतं, त्याला आकार देणारे बॉण्ड वेगवेगळे, हायड्रोजन बॉण्ड पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि कोरडं-थंड झालं की परत जुळतात, म्हणून कर्ल केल्यावर तो थंड होईपर्यंत पिनने धरून ठेवायचा असतो, गरम असतानाच सोडला की अर्ध्या तासात सरळ. डायसल्फाइड बॉण्ड मात्र पर्मिंग आणि केमिकल स्ट्रेटनिंगमध्ये तोडतात, ते वेगळं प्रकरण. माझ्याकडे येणारी मुलं कर्ल टिकत नाही म्हणून स्प्रेवर स्प्रे मारतात, टेम्परेचर वाढवतात, २३० वर नेतात. केराटिन साधारण २०० डिग्रीच्या आसपास कायमचं बिघडायला लागतं. कर्ल न टिकण्याचं कारण उष्णता कमी हे नव्हतंच, थंड होऊ दिला नाही हे होतं.

एकदा नीट जवळून बघा, ओलसर केसावर आयर्न दाबलं की चर्र आवाज येतो आणि वाफ निघते. मुलं सांगतात सीरम जळतंय. सीरम नाही, केसाच्या आतलं पाणी उकळतंय, त्याची वाफ आतूनच केस फुगवते आणि पोकळ फुगे तयार होतात, बबल हेअर म्हणतात त्याला. तो केस हातात धरून बघितला तर जागोजागी खरखरीत लागतो आणि हलक्या ओढीने तिथेच तुटतो. दोन-तीन आठवड्यांनी क्लायंट म्हणते माझे केस गळतायत. गळत नाहीयेत, तुटतायत. मुळासकट पडलेला केस आणि मधून तुटलेला केस यातला फरक तुमच्या सर्टिफिकेटवाल्याला ओळखता आला पाहिजे की नको? दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे, मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम जास्त गळतात आणि बहुतेकदा आपोआप सावरतात, हे माहीत असलेला आर्टिस्ट घाबरलेल्या बाईला उगाच हेअर स्पा विकत नाही, डॉक्टरकडे पाठवतो.

घट्ट बन आणि जड एक्स्टेन्शन हा आणखी एक विषय. सतत एकाच जागी ओढ बसली की ट्रॅक्शन अलोपेशिया होतो, कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेने केस विरळ. सुरुवातीला मुळाशी बारीक पुळ्या, दुखणं, तुटके छोटे केस दिसतात, तेव्हा थांबलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर मूळच कायमचं बंद होतं. डान्सर, मॉडेल, स्टेजवर रोज विग लावणाऱ्या नट्या यांचं कपाळ बघा. आर्टिस्टला ही पहिली पायरी ओळखता आली तर एका माणसाचे केस वाचतात, बाकी काही लागत नाही त्याला.

आणि माझे स्वतःचे हात. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. माझ्या बोटांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षं एक्झिमा आहे, हिवाळ्यात भेगा पडतात, लिंबू कापलं तरी डोळ्यांत पाणी येतं. दिवसभर हात धुणं, ब्रश क्लिनर, वेट वाइप्स, शाम्पू, डाय, हे सगळं उघड्या हातांनी करत आले कारण ग्लोव्ह्ज घाल असं मला शिकताना कोणी सांगितलं नाही. हेअर आणि ब्यूटीच्या कामात हातांचा एक्झिमा इतका सर्रास आहे की कित्येक जण त्यापायी काम सोडतात. वाइप्समध्ये वापरलं जाणारं मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्वेटिव्ह अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ चं अ‍ॅलर्जन ऑफ द इयर म्हणून निवडलं होतं. नेलच्या कामातले अ‍ॅक्रिलेट पातळ ग्लोव्ह्जमधूनसुद्धा काही मिनिटांत आरपार जातात, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की ती जन्मभर राहते, तीच केमिकल दाताच्या फिलिंगमध्येही असतात म्हणजे उद्या दाताच्या डॉक्टरकडेही अडचण. केस स्मूद करायच्या काही ट्रीटमेंटमध्ये आयर्न फिरवताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसांत कॅन्सर करणारं म्हटलंय. क्लायंट एकदा श्वास घेते, आर्टिस्ट रोज घेतो. तुमचे विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे असतात, त्यांना पुढची तीस वर्षं याच हातांवर जगायचंय. त्यांच्याकडून फी घेता तर हे सांगणं तुमचं कर्तव्यच आहे.

लेबलं वाचण्याबद्दलही एक ओळ नसते कोर्समध्ये. "हायपोअ‍ॅलर्जेनिक" या शब्दाला बऱ्याच ठिकाणी कायद्याने ठरवलेली व्याख्याच नाही, कंपनी म्हणेल ते. "नॅचरल" म्हणजे सुरक्षित असंही नाही, सुगंधी तेलांमधले लिमोनीन, लिनालूल हवेशी संपर्क येऊन बदलले की चांगलीच अ‍ॅलर्जी करतात. "नॉन-कॉमेडोजेनिक", म्हणजे रोमछिद्रं बंद न करणारं, याच्या जुन्या याद्या सशाच्या कानावरच्या टेस्टमधून आल्यात. आणि फाउंडेशनवर एसपीएफ ३० लिहिलंय म्हणून सनस्क्रीन नको म्हणणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं की तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, इतकं जाड फाउंडेशन कोणीच लावत नाही.

तुमच्याकडून एक उत्तर नेहमी येतं ते मला माहितीय, "आम्ही आर्टिस्ट घडवतो, डॉक्टर नाही." बरोबर आहे, आर्टिस्टने डॉक्टरी करूच नये. पण सायन्स न शिकलेलाच आर्टिस्ट डॉक्टरी करतो, हे मी डोळ्याने बघतेय. डाग दिसला की हे क्रीम लाव, आठवड्यात गोरी होशील, आणि ते क्रीम स्टेरॉइडचं निघतं, काही महिन्यांत स्किन पातळ, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुळ्या येतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो. काही फेअरनेस क्रीममध्ये पारा सापडलाय. शिकलेला माणूस अशा वेळी एवढंच म्हणतो की हे माझ्या कामातलं नाही, तुम्ही स्किनच्या डॉक्टरला दाखवा. ते म्हणायला आत्मविश्वास लागतो आणि तो ज्ञानाशिवाय येत नाही.

दुसरं उत्तर, थिअरी कंटाळवाणी होते. हे मात्र मी मान्य करते, तुम्ही ती कंटाळवाणी शिकवत होतात. स्किनची आकृती फळ्यावर, नावं पाठ करा, पेपर लिहा. मग ती पद्धत बदला ना, विषयच का काढता? सोमवारी विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला टेस्ट लावायला सांगा आणि बुधवारी, शुक्रवारी परत बघायला लावा. कापलेल्या केसांच्या बटा घेऊन एक १५० वर, एक २३० वर दाबा आणि दोन्ही ओढून बघा. एकाच चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर नीट प्रेप, अर्ध्यावर नाही, आणि चार तासांनी दोन्ही बाजू लेन्सखाली. सिलिकॉन प्रायमरवर पाण्याचा बेस लावून त्याचे रेवड्यासारखे गोळे कसे होतात ते दाखवा आणि मग कारण सांगा. कोणाला कंटाळा येतो बघूया.

माझ्या मागण्या सरळ आहेत. स्किन आणि हेअर सायन्स परत सक्तीचं करा, त्यात पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नका. क्लायंटची माहिती विचारण्याचा फॉर्म भरणं आणि ४८ तासांची खरी टेस्ट हे प्रॅक्टिकलचा भाग करा, मेकअप लुकइतकेच मार्क त्याला द्या. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला विचारा की कधी काम करणार नाहीस आणि का, आणि उत्तर आलं नाही तर परत बसवा. डबल डिपिंग, म्हणजे वापरलेला ब्रश किंवा कांडी परत प्रॉडक्टमध्ये घालणं, करताना दिसला तर तिथेच नापास. शिकवायला स्किनचे डॉक्टर आणि प्रॉडक्ट बनवणारे केमिस्ट बोलवा, प्रॉडक्ट विकायला येणारे ट्रेनर हा त्याला पर्याय नाही. फोटो, मॉडेल आणि परीक्षेतले चेहरे सगळ्या रंगांचे असू देत, केसही सगळ्या पोतांचे, कुरळ्या केसांना "प्रॉब्लेम हेअर" म्हणणं बंद करा. ग्लोव्ह्ज, हातांचं मॉइश्चरायझर आणि हवा खेळती ठेवणं पहिल्या दिवसापासून शिकवा. हा भाग न शिकता ज्यांना तुम्ही आधीच सर्टिफिकेट देऊन बसलात त्यांच्यासाठी फी न घेता रिफ्रेशर बॅच लावा, त्यांनी पूर्ण कोर्सचे पैसे भरले होते. आणि हे काहीच करायचं नसेल तर निदान जाहिरातीत आणि सर्टिफिकेटवर स्पष्ट छापा की या कोर्समध्ये स्किन आणि केसांचं सायन्स शिकवलेलं नाही, म्हणजे विद्यार्थी आणि क्लायंट दोघं आपलं आपण ठरवतील.

हे सगळं एका रात्रीत होणार नाही हे मला कळतं, पण पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी तुमचा पूर्ण अभ्यासक्रम, कुठल्या विषयाला किती तास आणि कोण शिकवणार यासकट, सगळ्यांना दिसेल असा जाहीर करा. मी माझ्याकडचे सगळे प्रश्न, क्लायंट फॉर्म आणि केसांच्या प्रयोगांची पद्धत ज्याला हवी त्या अकॅडमीला द्यायला तयार आहे, पैसे नकोत. उत्तर मला एकटीला पाठवू नका, तेही असंच सगळ्यांसमोर द्या.

तुमची,
एक मेकअप आर्टिस्ट